विरुद्ध गेलेला निकाल

वकिलाला हरलेला खटला विसरून चालत नाही. विरुद्ध गेलेला निकाल ओळीओळीने वाचावा लागतो; अपिलाचे मुद्दे त्यातच सापडतात. ४० वर्षे कोर्टात काढलेला मी माझ्या नातीला एवढेच सांगू शकलो. ‘क्लॅट’मध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, ती मागे पडली होती. १२० मिनिटांत १२० प्रश्न. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. तिची ३० उत्तरे चुकली, साडेसात गुण तिथेच गेले. आम्ही एकेक चूक तपासली. माहिती कमी नव्हती. उतारा पुरता वाचण्याआधीच ती निष्कर्षाला पोचत होती. आता रोज एक अग्रलेख वाचून लेखक काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे ती वेगवेगळे लिहिते. येत्या डिसेंबरात पुन्हा बसेल. प्रवेशाची हमी मी देत नाही. पण कागद नीट वाचायला मात्र ती शिकली आहे.