मोतीची प्रभातफेरी

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या खोऱ्यात, बावडा हे गाव आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. नदीच्या पाण्यावर या भागात उसाचे मळे दूरवर पसरलेले आहेत. सन 2020 च्या मार्च महिन्यात कोरोनाची साथ महाराष्ट्रात आली आणि 25 मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. हिवाळा आला तेव्हा निर्बंध बरेच सैल झाले होते. तथापि तुमच्या वयाच्या मुलांचे वर्ग अजून बंदच होते. ते पुढे 27 जानेवारी 2021 पासून उघडू लागले. माणसे तोंडावर मुखपट्टी बांधीत आणि ओळखीचा मनुष्य दिसला तरी दुरूनच हात जोडीत.

मीही त्या साथीच्या तावडीत सापडलो होतो. ताप चार दिवसांत उतरला, विलगीकरणही संपले. परंतु वास घेण्याची शक्ती गेली ती परत येईना. दिवाळीतील चकलीच्या तळणीचा वास नाही, देवापुढच्या उदबत्तीचा नाही. एकदा लसणाची पाकळी ठेचून नाकाशी धरली. ती जणू खडूचा तुकडाच! चुलीवरचे दूध उतू जाऊन करपले तरी मला पत्ता नसे. घरातील मंडळी हसत. मला मात्र हसू येत नसे. वासावाचून अन्नाची चव कशी निघून जाते, हे ज्याचे त्यालाच कळते. “धीर धरा, मोकळ्या हवेत हिंडा,” असे डॉक्टर म्हणाले. म्हणून रोज पहाटे मी मोतीला घेऊन मळ्याच्या वाटेने निघू लागलो.

मोती हा आमचा गावठी कुत्रा. रंगाने तांबूस आणि एका कानाने मोडका. आमची जोडी मोठी विजोड होती. माझे नाक पट्टीखाली झाकलेले आणि निकामी. त्याचे नाक उघडे आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारे. दहा पावले चालावे आणि त्याने थांबावे. कधी बांधावरच्या दगडाशी, कधी बाभळीच्या बुंध्याशी, तर कधी ऊसतोड मजुरांच्या कोपीबाहेर पडलेल्या वाढ्यांशी. आरंभी मी साखळी ओढी. पुढे लक्षात आले की, मी वाट पाहत होतो आणि तो वाट वाचीत होता.

थंडीची पहाट अशा वाचनाला मोठी सोयीची असते. रात्री आकाश निरभ्र असले म्हणजे जमीन आपली उष्णता भराभर गमावते. तिच्या लगतची हवाही गार होते. गार हवा जड असल्यामुळे ती खालीच राहते आणि तिच्यावर किंचित उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. म्हणूनच वाटेवरच्या गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर अशा पहाटे सरळ वर न चढता उसाच्या शेंड्यांवर आडवा पसरतो. जमिनीलगतच्या वासांचीही तीच गत. थंडीत पदार्थांतून वासाचे कण कमी सुटतात, हे खरे. पण जे सुटतात ते वाऱ्याअभावी उधळून जात नाहीत. सूर्य कासराभर वर आला, जमीन तापली, की ती हवा हलू लागते. मग मोतीचीही मान वर होई आणि चाल भरभर पडे.

आता त्याच्या नाकाची रचना पाहा. वास ओळखणाऱ्या पेशी मनुष्याच्या नाकात काही दशलक्ष असतात. कुत्र्याच्या नाकात त्या दहा कोटींहून अधिक असतात. हुंगताना तो एका सेकंदात पाच-सहा वेळा हवा आत ओढतो. त्या हवेचा काही भाग फुप्फुसाकडे जातो आणि काही नाकाच्या मागच्या भागी वास घेण्यासाठीच राखलेल्या जागी पोहोचतो. नाकपुड्यांच्या कडेला चिरा असतात. उच्छ्वास त्यांतून बाजूने मागे जातो, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. नाक ओलसर असल्यामुळे वासाचे कण त्याला चिकटतात. म्हणूनच बाभळीच्या बुंध्याशी रात्री दुसरा कुत्रा येऊन गेला, तर तो ओळखीचा की परका, हे मोतीला त्याने तेथे केलेल्या मूत्राच्या वासावरून समजे.

मग माझ्या नाकाचे काय बिघडले होते? नाकात अगदी वरच्या बाजूस वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या, त्यांची निगा राखणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. कोरोनाचा विषाणू मुख्यतः या आधारपेशींत शिरतो, असे शास्त्रज्ञांना आढळले. पहारेकरी शाबूत, पण त्यांना शिधा पुरविणारेच आजारी, असा तो प्रकार! आधारपेशी पुन्हा तयार होतात. त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो, काहींचा मात्र महिनोन् महिने येत नाही.

ज्या रोगाने माणसाचे नाक बंद केले, तोच रोग कुत्र्याच्या नाकाला सापडेल काय, असा विचार त्याच वेळी अनेक देशांत चालला होता. रोगी माणसाच्या शरीरातील क्रिया बदलतात आणि त्याच्या घामात वेगळे वासयुक्त पदार्थ उतरतात. फिनलंडमधील हेलसिंकीच्या विमानतळावर सप्टेंबर 2020 मध्ये असे शिकविलेले कुत्रे प्रवाशांच्या तपासणीस बसविले गेले. आपल्या सैन्यानेही फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीत अशा कुत्र्यांचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यांत जया नावाची कुत्री तमिळनाडूतील चिप्पीपराई या देशी जातीची होती. इकडे कित्येक ठिकाणी कुत्र्यांमुळे साथ पसरते अशा अफवा उठल्या आणि लोकांनी पाळलेली जनावरे घराबाहेर काढली! वास्तविक साथ पसरत होती ती माणसाकडून माणसाकडे.

जानेवारीतील एका सकाळी गुऱ्हाळापाशी पोहोचलो तेव्हा आजूबाजूस कोणी नव्हते. मी पट्टी खाली केली आणि नाकात काहीतरी शिरले. गुळाचा तो गोड वास नव्हे. जळक्या रबरासारखा चमत्कारिक दर्प. नाक सुधारू लागले म्हणजे कित्येकदा वास असे विपरीत येतात, हे मी डॉक्टरांकडून ऐकले होते. तरीही मला इतका आनंद झाला की, मी मोठ्याने हसलो. पुढे बाभळीशी मोती थांबला. त्याच्या शेजारी वाकून मीही हुंगले. मला ओल्या मातीचा पुसटसा वास आला, इतकेच. मोतीचे मात्र तेथे अजून बरेच वाचावयाचे राहिले होते. मी साखळी सैल सोडून उभा राहिलो.