स्वयंपाकघराची वही

व्यापारी घरात वह्यांना मानाचे स्थान असते. रोजमेळ, खातेवही, उधारीची वही, मालाच्या आवक-जावकीची वही असे सारे कापडी बासनात बांधून ठेवलेले असते. अमुक वर्षी हरभरा कोणत्या भावाने घेतला आणि कोणत्या भावाने विकला, हे चाळीस वर्षांनंतरही बिनचूक सांगता येते. परंतु त्याच घरात चाळीस वर्षे रोज दोन वेळा जे अन्न शिजले, त्याची एका ओळीचीही नोंद सहसा कोठे सापडत नाही. नगरच्या आडते बाजारात धान्याची पेढी असलेल्या एका ओसवाल कुटुंबाच्या ध्यानात ही उणीव आली ती एप्रिल २०२१ मध्ये, आणि तीही संकटातून.

त्या महिन्यात घरातील मोठ्या बाईंना करोनाची बाधा झाली. वय चौसष्ट. दुखणे सौम्य होते, तरी दोन आठवडे त्यांना माडीवरच्या खोलीत एकटे राहावे लागले. एकेचाळीस वर्षांत त्यांनी माहेरचे मुक्काम आणि दोन बाळंतपणे सोडली तर स्वयंपाकघर कधी सोडले नव्हते. सून पेढीचे जीएसटीचे सर्व काम पाहते. हिशेबात तरबेज, पोळ्या-भाजीही उत्तम करते. त्यामुळे अडचण येईल असे कोणाला वाटले नाही. पहिल्याच अष्टमीला मात्र कढी फाटली.

सूनबाईंनी नियम पाळला होता. कच्चे ताक आणि बेसन एकत्र केले तर द्विदलाचा दोष लागतो, म्हणून त्यांनी आधी नुसते ताक तापवले. ताक फाटून चोथा व पाणी वेगळे झाले. दुसऱ्या खेपेसही तेच. शेवटी खालून वर फोन गेला.

“मम्मीजी, ताक दोनदा फाटलं. तुमचं कसं फाटत नाही?”

“थंड ताकात चमचाभर तांदळाचं पीठ घातलंस का?”

“नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“कुणी विचारलंच नाही, बेटा.”

तांदूळ द्विदल नव्हे. त्यामुळे त्याचे पीठ कच्च्या ताकात चालते. ते ताकाला धरून ठेवते. मंद आंचेवर सतत ढवळत ताकाला उकळी आणायची, आणि मगच पाण्यात कालवलेले बेसन त्यात सोडायचे. एवढी साधी युक्ती. पण ती एकाच व्यक्तीच्या हातात होती. ती व्यक्ती बंद दाराआड गेली, तेव्हा घराच्या लक्षात आले की या पेढीची सर्वांत मोठी शिल्लक कोणत्याच वहीत जमा नाही.

रोजचे ताट

या घरचे ताट बाहेरून पाहणाऱ्यास साधे वाटेल. सकाळी नवकारशी झाल्यावर खाखरा आणि दूध. दुपारी फुलके, डाळ, भात, एक भाजी. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी खिचडी-कढी, नाहीतर ज्वारीची भाकरी आणि पातळ भाजी. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा घरात येत नाहीत. आल्याऐवजी सुंठ, ओल्या हळदीऐवजी सुकी हळद. यात नवल काहीच नाही. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी असेच असेल.

खरी परीक्षा असते ती तिथींची. दोन्ही पक्षांतील बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी आणि चतुर्दशी पाळणाऱ्या घरात महिन्यातील दहा दिवस हिरव्या भाजीविना जातात. त्यावर चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य आणि पर्युषणाचे आठ दिवस हिरवे पूर्ण बंद. म्हणजे वर्षाकाठी एकतृतीयांशाहून अधिक दिवस कोरड्या डब्यांतूनच भाजी निर्माण करावी लागते. शिवाय धान्याचा बाजार जवळ असला तरी पावसाळ्यात पिठाची मुदत थोडी, म्हणून दळण लहान. रात्री उरलेले सकाळी चालत नाही, म्हणून अंदाज अचूक हवा. बाईंच्या घरी अन्न उरत नाही आणि कोणी अर्धपोटीही उठत नाही. मालाचा साठा सांभाळणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्यास हे किती अवघड आहे ते निराळे सांगावयास नको.

एका पक्षात एकच कोरडी भाजी दोनदा करायची नाही, असा त्यांचा स्वतःचा दंडक आहे. एका तिथीला गट्टे, दुसऱ्या तिथीला मंगोडी, मग पापडाची भाजी, मग मेथीदाणे आणि मनुका. मारवाडातून येणारे केर-सांगरी पाहुण्यांसाठी. बाईंचे माहेर जळगाव जिल्ह्यातले. त्यामुळे खानदेशी शेवभाजीही या घरात आली, मात्र कांदा-लसणाविना. गट्ट्यांच्या पिठात तेलाचे मोहन कमी पडले की गट्टे दगडासारखे होतात आणि जास्त झाले की पाण्यात विरघळतात. उकळत्या पाण्यात गट्टा वर तरंगू लागला की तो शिजत आला असे समजावे, आणि ते पाणी न टाकता त्याचाच रस्सा करावा, हे त्यांनी आपल्या सासूबाईंकडून घेतले.

कांद्याची कामे कोणती?

बाईंचे शिक्षण दहावीपर्यंतचे. तरीही त्यांच्या प्रयोगांत एक पद्धत दिसते. एखादा पदार्थ कांद्याविना करायचा झाला की त्या आधी पाहतात, त्या पदार्थात कांदा नेमके कोणते काम करतो. रश्श्याला दाटपणा देतो, थोडी गोडी देतो आणि फोडणीत एक उग्र वास देतो. ही तीन कामे तीन निरनिराळ्या जिनसांकडे सोपवता येतात. दाटपणासाठी शिजवून घोटलेला दुधी किंवा मगज, गोडीसाठी तेल सुटेपर्यंत परतलेला टोमॅटो, आणि वासासाठी हिंग.

हिंगाची ही निवड शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. कांद्या-लसणाच्या वासाचे मूळ त्यांतील गंधकयुक्त घटकांत असते, आणि हिंगातही तशाच जातीचे घटक असतात. गरम स्निग्धात पडल्यावर त्याचा कडवट उग्रपणा जाऊन खमंगपणा येतो. हिंग आपल्याकडे शतकानुशतके अफगाणिस्तान आणि इराणकडून येत आला. भारतात त्याच्या लागवडीचा प्रयत्न हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात २०२० मध्ये सुरू झाला. बाजारातील बांधणी हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, हे व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे. बाई खडा हिंग वापरतात. तो थोड्या पाण्यात विरघळवून ठेवतात आणि थेंबांनी मोजतात.

बटाट्याच्या जागी कच्चे केळे ही सर्वांच्या परिचयाची तोड. तथापि तीत फसण्याच्या जागा पुष्कळ. पहिल्या खेपेस बाईंनी केळी उकडून गार होऊ दिली. कुस्करताना गाठी राहिल्या. दुसऱ्या खेपेस गरम असतानाच घोटली, तर सारण इतके चिकट झाले की वडा चावता येईना. तिसऱ्या खेपेस त्यांनी केळी सालीसकट वाफवली, कोमट असताना हलक्या हाताने मोडली आणि त्यांत भिजवलेले पोहे चुरून घातले. वडा हलका झाला. ही तीन रविवारांची कथा. पहिल्या दोन रविवारचे वडे घरातील मंडळींनी निमूटपणे खाल्ले, याचेही श्रेय द्यावयास हवे.

मिसळीचा प्रयोग नातवाच्या हट्टावरून झाला. मटकीला मोड आणले की ती अनंतकायात जाते, म्हणून मटकी केवळ भिजवून, मोड फुटण्यापूर्वीच शिजवली. कटासाठी सुके खोबरे आणि तीळ गडद तांबूस होईतो भाजले, लाल भोपळा घोटला, बेडगी मिरचीचा रंग दिला. भोपळ्याने कट गोड झाला, तेव्हा आमसूल टाकून तो सावरला. यीस्टमुळे पाव घरात चालत नाही. सोबत भाकरी दिली. नातवाने दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाला, “दादीजी, ही मिसळ नाही. पण चांगली आहे.”

बाईंनी हे बोलणे मनावर घेतले, पण उलट अर्थाने. त्यानंतर त्यांनी बाहेरच्या पदार्थांची हुबेहूब नक्कल करण्याचा नाद सोडला. कांद्याविना केलेला पदार्थ कांदा घातल्यासारखा लागला पाहिजे, ही अपेक्षाच चुकीची. तो आपल्या अंगाने चांगला लागला पाहिजे, असे त्या आता म्हणतात. त्यांच्या चाळीस वर्षांच्या प्रयोगांचे सार याच वाक्यात आहे. नियमाकडे उणीव म्हणून पाहिले तर ताट कायम अपुरेच दिसते. त्याच नियमाला स्वयंपाकाची सुरुवात मानले तर त्यातून नवी चव निघते.

सूर्यास्ताचे घड्याळ

चवीहून कठीण प्रश्न वेळेचा आहे. जूनअखेरीस नगरला सूर्य सातनंतर मावळतो. डिसेंबरच्या आरंभी सहाच्या आधीच. ज्या मोसमात बाजार तेजीत असतो, त्याच मोसमात चौविहार पाळणाऱ्याचे जेवण गिऱ्हाइकीच्या ऐन वेळी येते. घरधनी पेढी सोडून घरी येऊ शकत नाहीत. वीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस ते उपाशीच राहत. बाईंनी त्यावर वाद घातला नाही, डबा बदलला. गादीवर बसून, एका हाताने, दहा मिनिटांत खाता येईल आणि कागदांवर रस्सा सांडणार नाही असे जेवण त्यांनी बसवले. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, आत घट्ट मुगाचे पिठले गुंडाळून. सोबत भाजलेला पापड आणि गाळलेल्या पाण्याची वेगळी बाटली. सव्वापाचला डबा निघतो. गेल्या वीस हिवाळ्यांत तो चुकल्याचे पेढीवरील मुनीमजींना आठवत नाही.

या डब्यासाठी बाई रोज चार वाजता ओट्यापाशी उभ्या राहतात. दुपारची विश्रांती हिवाळ्यात नसते. घराचा चौविहार पाळला गेला असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोणाच्या पायांवर उभा राहून पाळला गेला, हेही त्यासोबत म्हटले पाहिजे.

वजनकाटा घरात आला

बाई बऱ्या होऊन खाली आल्या, त्या आठवड्यात सूनबाईंनी पेढीवरचा लहान इलेक्ट्रॉनिक काटा स्वयंपाकघरात आणला. बाईंचे माप मुठीचे आणि चिमटीचे. प्रत्येक मूठ भांड्यात पडण्याआधी काट्यावर पडू लागली. बाईंची बेसनाची मूठ दर वेळी ४० ग्रॅमच्या आसपासच भरते, हे पाहून सर्वांत जास्त आश्चर्य बाईंनाच वाटले. सुरुवातीस त्यांना हे सारे अवघडल्यासारखे झाले. पुढे त्या स्वतःच सांगू लागल्या, “थांब, हे लिही. पावसाळ्यात पाणी थोडं कमी.”

वहीचे तीन रकाने आहेत: प्रमाण, तिथीला चालते की नाही, आणि काय चुकले. तिसरा रकाना सर्वांत मोठा आहे. फाटलेली कढी, चिकट वडा, गोड कट हे सारे त्यात तारखेसह नोंदलेले आहे. आयंबिलच्या ओळीची पाने वेगळी. दूध, दही, तूप, तेल, गूळ यांविना नऊ दिवस काय करावे, हे तेथे क्रमाने आहे.

२०२३ मध्ये नातू शिकण्यासाठी पुण्याला गेला. मेसच्या जेवणात कांदा-बटाटा असतो, म्हणून तो मित्रासोबत खोली घेऊन राहतो आणि इंडक्शनच्या शेगडीवर एक वेळचे शिजवतो. प्रात्यक्षिके सायंकाळी उशिरा संपतात. चौविहार त्याच्याकडून होत नाही, हे घराला ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्याला कोणी फोनवर विचारत नाही. पहिल्या पावसाळ्यात त्यानेच आईला निरोप पाठवला, “कढीचं पान पाठव.” पानाचा फोटो गेला. दोन तासांनी उत्तर आले, “फाटली नाही.” बाईंनी तो निरोप दोनदा वाचवून घेतला.

त्याच वर्षी दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर पेढीच्या नव्या वह्यांशेजारी घरधन्यांनी तेलाचे डाग पडलेली ती वही आणून ठेवली आणि तिलाही कुंकू लावले. बाई म्हणाल्या, “ही जुनी आहे, हिची पूजा कशाला?” ते म्हणाले, “हिच्यातलं येणं अजून बाकी आहे.”

अशी शिल्लक आपल्या प्रत्येक घरात आहे, आणि ती बहुधा एकाच हातात आहे. त्या हाताला आज विचारता येते. एक साधी वही, एक लहान काटा आणि रोजची दहा मिनिटे एवढेच भांडवल लागते. आरंभ कढीपासून केला तरी चालेल.