रुग्णालय, ऊन आणि वारा

आमच्या हितचिंतकांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विजेच्या बिलावर एवढा खर्च होत असताना रुग्णालय सर्वस्वी सौर आणि पवनऊर्जेवर का चालवू नये? प्रश्न रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. अशा संस्थेत वाचलेला प्रत्येक रुपया औषधोपचाराच्या कामी येतो.

वाऱ्याविषयी थोडक्यातच सांगता येईल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातून मिळणारी ऊर्जा आठपट होते. म्हणूनच पवनचक्क्या सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी यांसारख्या उघड्या पठारांवर उभ्या राहिल्या. ठाणे किंवा डोंबिवलीच्या दाट वस्तीत, उंच इमारतींच्या आडोशाला तसा वारा लाभत नाही. आपल्यापर्यंत पवनऊर्जा पोहोचते ती महावितरणच्या तारांतूनच. तथापि निसर्गाची एक सोय लक्षात घेण्याजोगी आहे. पावसाळ्यात ढगांमुळे आपल्या गच्चीवरील सौरवीज घटते, नेमक्या त्याच महिन्यांत साताऱ्याची पाती सर्वाधिक वेगाने फिरत असतात.

ऊन मात्र आपल्या छपरावरच पडते. केंद्र शासनाच्या २००८ मधील सौर शहर योजनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची निवड झाली होती. पारंपरिक ऊर्जेच्या अपेक्षित मागणीत पाच वर्षांत १० टक्के घट करणे हे तिचे उद्दिष्ट होते. नव्या इमारतींवर पाणी तापविण्याची सौरयंत्रे बसविण्याचा आग्रहही दोन्ही महापालिकांनी धरला. आमच्या मते रुग्णालयाने आरंभ येथूनच करावा. काळ्या पृष्ठभागाखालील नळ्यांतून पाणी तापते, तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते. पंपाचीही गरज नाही. १०० लिटरचा संच वर्षाला १५०० युनिटपर्यंत वीज वाचवितो, असा शासकीय अंदाज आहे. रुग्णांचे स्नान, कपडे धुणे, स्वयंपाकघर यांना हे पाणी पुरते. शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी मात्र १२१ अंशांची वाफ लागते. ती या यंत्रातून मिळत नाही.

सौर पटलांचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट वीज मिळते. म्हणजे २००० चौरस फुटांच्या गच्चीवर दिवसाला ८० युनिट. अतिदक्षता विभागात रात्रंदिवस चालणाऱ्या वातानुकूलन यंत्राला ताशी सव्वा युनिट धरले, तर एकाच यंत्राला दिवसाकाठी ३० युनिट लागतात. तेव्हा संपूर्ण गच्ची व्यापूनही तीन यंत्रांची गरज पुरी भागत नाही! बिल हलके होते यात शंका नाही. परंतु रुग्णालय त्यावर चालत नाही.

याहून महत्त्वाची बाब अनेकांना ठाऊक नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पारेषण वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा बराच भाग वीजहीन झाला. करोनाचा काळ होता, कृत्रिम श्वसनयंत्रांवर रुग्ण होते. अशा वेळी ऊन असूनही नेहमीची सौरयंत्रणा बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना धक्का बसू नये म्हणून मुख्य पुरवठा खंडित होताच ती स्वतःहून थांबावी, अशीच तिची रचना असते. संकटकाळी ती उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर बॅटरी, त्यास अनुरूप इन्व्हर्टर आणि श्वसनयंत्रे, शस्त्रक्रियागृहातील दिवे, २ ते ८ अंशांत लसी ठेवणारे शीतकपाट यांची स्वतंत्र वाहिनी या तिन्ही गोष्टी लागतात. डिझेल जनित्र तरीही ठेवावेच लागते.

गच्चीवरील पटले दिसतात, त्यांवर नावाची पाटीही लावता येते. बॅटरी मात्र जिन्याखालच्या खोलीत राहते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. सौरसंचासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी या न दिसणाऱ्या खर्चाचाही विचार करावा, ही आमची नम्र विनंती.