विवर की टेकडी?

चंद्राचा नवा फोटो आला की काहींना त्यात विवरांऐवजी फुगवटे दिसतात आणि ‘फोटोत फेरफार केलाय’ हा संशय बळावतो. संशय घेण्यात गैर काहीच नाही, फक्त तो तपासायला हवा. फोटो उलटा धरून पाहा. बहुतेकांना त्याच फुगवट्यांचे खड्डे झालेले दिसतील.

हा खेळ फोटोचा नाही, नजरेचा आहे. सूर्य डोक्यावर, दिवाही वर, त्यामुळे उजेड वरूनच येतो असं मेंदू धरून चालतो. वरची कड उजळ आणि खालची काळी दिसली की त्याला उंचवटा वाटतो. फोटोत ऊन खालच्या बाजूने आलं असेल, तर विवराची वरची भिंत उजळते, खालची सावलीत जाते, आणि मेंदू फसतो. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने एकोणिसाव्या शतकातच या भ्रमावर लिहिलं होतं. 1988मध्ये मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या छायांकित वर्तुळांवर तो दाखवून दिला. सह्याद्रीची हिवाळ्यातली उपग्रहचित्रंही अशीच चकवतात. नकाशात उत्तर वर आणि ऊन दक्षिणेकडून, त्यामुळे दऱ्या डोंगररांगांसारख्या दिसू लागतात.

मंगळावरचा ‘चेहरा’ही तिरप्या उन्हाचीच करामत. जुलै 1976मध्ये व्हायकिंग 1 यानाने तो टिपला तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 20 अंश वर होता. नाकपुडी वाटणारा काळा ठिपका म्हणजे प्रक्षेपणात हरवलेली माहिती. 1998 आणि 2001च्या स्पष्ट छायाचित्रांत तिथे झिजलेली टेकडी निघाली.

मग फोटोंवर काहीच प्रक्रिया होत नाही? होते. उजेड-अंधारातला फरक वाढवतात, फोटोच्या पट्ट्या जोडतात, कधी जोड दिसतोही. पण त्यातून विवरं घडवली जात नाहीत. नासाच्या एलआरओ यानाची आणि आपल्या चांद्रयान-2ची माहिती सर्वांसाठी खुली आहे, कोणीही ताडून पाहावी.

डोळ्यांवर भरवसा वाटत नसेल तर चंद्रावरच्या टायको विवराचा फोटो घ्या. सुमारे 85 किलोमीटर रुंदीच्या या विवराच्या मध्यभागी जवळपास दोन किलोमीटर उंच शिखर आहे. ऊन डावीकडून असेल तर शिखराची डावी बाजू उजळते, विवराची मात्र उजवी भिंत. खड्डा आणि उंचवटा एकाच फोटोत, एकाच उन्हात शेजारी शेजारी सापडतात.