चाकांवरचे घर आणि त्याचे चार पाय



बैल सोडले की गाडीवान पहिल्यांदा काय करतो? जू जमिनीवर आदळू नये म्हणून पुढे टेकू लावतो, चाकाला दगड लावतो आणि मगच बैलांकडे वळतो. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, ते या टेकूचेच विजेवर चालणारे भावंड आहे. त्याचे नाव समतल करणारा जॅक.

विषय मूळचा अमेरिकेतला. तेथे शाळेच्या बसगाड्या पिवळ्याधमक असतात. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात प्राध्यापक फ्रँक सायर यांनी एक परिषद भरवली होती. तो पिवळा रंग तेथे ठरला. या बसगाड्या जुन्या झाल्या की लिलावात निघतात. मग कोणी हौसेने, तर कोणी घरभाडे परवडत नाही म्हणून, अशी बस विकत घेतो. आतली बाके काढून तेथे खाट, स्वयंपाकाचा ओटा, मोरी आणि पाण्याची टाकी बसवतो. झाले चाकांवरचे घर!

पण घर म्हटले की जोते सपाट हवे. गवंडी पाणसळ लावल्याशिवाय पहिला थर रचत नाही. फिरत्या घराला मात्र रोज नवी जमीन आणि रोज नवा उतार. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत ६ मीटर अंतर आहे आणि एक टोक १५ सेंटीमीटरने, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी, खाली आहे. हा उतार झाला ४० ला १. डोळ्यांना तो फारसा दिसत नाही, पण डोके उताराकडे करून झोपणाऱ्याला रात्रभर जाणवतो. मोरीचे पाणी भोकाकडे न जाता कोपऱ्यात साचते. कपाटाचे दार आपोआप उघडते.

त्याहून मोठी अडचण शीतकपाटाची. अशा घरांत पुष्कळदा गॅसवर चालणारे शीतकपाट असते. ही युक्ती स्वीडनच्या बाल्टझार फोन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या दोन तरुणांनी १९२२ साली शोधली. त्यात पंप नाही. उष्णतेने अमोनिया वायू वर चढतो, थंड होऊन त्याचा द्रव होतो आणि तो आपल्याच वजनाने नळ्यांतून खाली वाहत येतो. आपल्या शेतातल्या पाटाला उलटा उतार पडला तर पाणी वाफ्यापर्यंत पोहोचते का? तसेच येथेही. कपाट फार कलले की द्रव मध्येच अडतो, खालचा भाग तापत राहतो आणि शेवटी यंत्र कायमचे निकामी होऊ शकते.

आता जॅककडे वळू. त्याच्या पोटात एक जाड पोलादी दांडा असतो आणि त्यावर आटे पाडलेले असतात. यालाच आपण मळसूत्र म्हणतो. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. दोन आट्यांत ६ मिलिमीटर अंतर असेल, तर दांड्याच्या एका फेऱ्यात वजन ६ मिलिमीटर उचलले जाते, आणि ३० सेंटीमीटर उचलायला ५० फेरे लागतात. म्हणजे फिरायचे खूप आणि चढायचे थोडे. त्या बदल्यात जोर थोडा लागतो. ३० सेंटीमीटर लांबीच्या दांडीने हा जॅक हाताने फिरवला, तर हिशेबाप्रमाणे ३ टन वजनाला सुमारे १० किलोचा जोर पुरावा. प्रत्यक्षात तिप्पट लागतो, कारण निम्म्याहून अधिक श्रम आट्यांच्या घर्षणात जातात.

"मग हे नुकसानच की!" असे कोणी म्हणेल. पण ते पूर्ण खरे नाही. याच घर्षणामुळे हात सोडला तरी मळसूत्र उलटे फिरत नाही आणि वजन जागच्या जागी राहते. म्हणजे श्रमाचा जो भाग वाया गेलासा वाटतो, तोच आपली राखण करतो.

विजेच्या जॅकमध्ये हाताऐवजी मोटर आणि दातेरी चाके असतात. ही मोटर बसच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. दाब कमी, म्हणून प्रवाह फार मोठा. घरातला ६० वॅटचा दिवा पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. ३ टन उचलणारा जॅक ४० ते ५० अँपिअर घेऊ शकतो. म्हणून त्याची तार करंगळीएवढी जाड लागते आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लागतो. बारीक तार लावली तर मोटर कण्हते, तार तापते आणि लाकूडकामाने भरलेल्या घराला आग लागण्याची भीती राहते.

जॅक बसवायचा कोठे? बसच्या पत्र्याला किंवा तळाच्या फळीला तो कधीही लावू नये. बसच्या खाली लांबीभर दोन पोलादी तुळया असतात, त्यांना चासी म्हणतात. सारे वजन तीच पेलते, म्हणून जॅकची बैठक तिलाच जाड बोल्टांनी आवळायची. भोके तुळईच्या उभ्या बाजूला पाडावीत. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला नव्हे, कारण वाकण्याचा ताण त्या पट्ट्यांवरच सर्वांत जास्त असतो. वेल्डिंग करून काम उरकण्याचा मोह टाळावा. त्याच्या आचेने पोलादाचे पाणी उतरते आणि पुढे तेथेच चीर जाते. जॅक आखडल्यावर त्याचा पाय रस्त्यापासून पुरेसा उंच राहील, हेही पाहावे. पाय खाली असताना गाडी हाकली गेली तर जॅक मोडतो, म्हणून चालकासमोर इशाऱ्याचा लाल दिवा ठेवतात.

जमिनीचा हिशेब तर आपण शेतकरी मंडळी चटकन ओळखू. जॅकचा पाय २५ सेंटीमीटर चौरस आहे आणि त्यावर अडीच टन वजन आले, तर दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो भार झाला. भिजल्या काळ्या रानात तो पाय मेखेसारखा रुतेल. त्याखाली ६० सेंटीमीटर चौरस जाड फळी ठेवली की तोच भार ०.७ किलोवर येतो.

उचलण्याचाही क्रम आहे. चार पायांचा बाक खडबडीत अंगणात डगमगतो, तीन पायांची तिवई डगमगत नाही. बसला पाय चार, म्हणून एकच कोपरा वर रेटला की चासी पिळते, दारे अडकतात, पुढची काच तडकते. यासाठी जॅक जोडीने चालवावेत. आधी पुढची किंवा मागची जोडी, मग डावी किंवा उजवी. उतार मोठा असेल तर आधी खालची चाके फळ्यांवर चढवावीत आणि उरलेला फरकच जॅकने काढावा. मुख्य म्हणजे मागची चाके जमिनीवरून सुटू देऊ नयेत. थांबलेल्या बसचा हातब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. ती अधांतरी झाली की ब्रेक असून नसल्यासारखा, आणि बस जॅकवरून घसरू शकते.

"पण आमच्या गावात असली बस कुठे आहे?" हा प्रश्न रास्त आहे. तरी एक आठवण देतो. १९६५ साली कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालयाने बसमधून फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले, आणि पुढे मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बसगाड्याही गावोगावच्या शाळांपर्यंत आल्या. अशी गाडी किंवा डोळे तपासणारी दवाखान्याची गाडी आपल्या मैदानात येईल, तेव्हा तिला सपाट आणि कणखर जागा दाखवणे हे आपलेच काम आहे. आणि जॅक तर गावात केव्हाच आला आहे. उसाच्या हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला ट्रॉलीचे चाक पंक्चर होते, कोणी जॅक लावतो आणि घाईत डोके खाली घालतो. येथेच माणसे दगावतात.

म्हणून आजची एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नव्हे. आताच मी म्हटले की मळसूत्र उलटे फिरत नाही. खरे आहे, पण पाय रुततो, गाडी सरकते, बोल्ट तुटतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकची वायसर गळली तर तो खाली बसतो. काही बसगाड्यांना कमानीऐवजी हवेच्या पिशव्या असतात. हवा गेली की चासी झपकन खाली येते. गाडीखाली जायचेच असेल, तर चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर घाला आणि चासीखाली वजन पेलणारे पोलादी घोडे लावा. विटा किंवा दगडांची चळत चालणार नाही. वीट सूचना न देता फुटते.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करावा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळावा. तिरक्या कडेतून मळसूत्र दिसू लागेल. मग एका फळीवर ठोकळा ठेवून फळीचे टोक हळूहळू उचलावे. चढ सौम्य आहे तोवर ठोकळा बसून राहील, चढ वाढला की घसरेल. आटे इतके जवळजवळ का पाडतात, हे मुलांना न सांगता कळेल.

विजेचे बटण बोटाने दाबता येते. पण पायाखालची जमीन पाहणे, फळी ठेवणे, चाकाला दगड लावणे ही कामे बटण करीत नाही. ती आपल्या गाडीवानासारखी नित्याची सवय व्हावी लागतात.