दहा वळू, हजार गाई

पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत किंवा खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार गुरांचा बाजार भरतो, तेव्हा गर्दी जमते ती खोंडांभोवती. काजळी की कोसा, शिंगं कशी, चाल कशी, हे पारखणारी नजर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहे. माण, खटाव, आटपाडी, जतच्या कमी पावसाच्या पट्ट्यात ही जात घडली ती याच नजरेमुळं. पण जातीचं पुढं काय होणार, हे एका देखण्या खोंडाकडं पाहून कळत नाही. त्यासाठी साऱ्या कळपाचं गणित मांडावं लागतं.

हे गणित मुळात गुरांच्याच वंशावळीतून पुढं आलं. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करताना सीवॉल राइट यांनी शॉर्टहॉर्न जातीच्या वंशावळी तपासल्या. 1922 मध्ये त्यांनी अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या जनावरांचा संयोग, मोजण्याची रीत मांडली. कळपात दिसणारी डोकी वेगळी आणि आनुवंशिकदृष्ट्या हिशेबात धरायची ‘परिणामी संख्या’ वेगळी, हे 1931 च्या त्यांच्या निबंधात आलं. सूत्र सोपं आहे: वळूंची संख्या गुणिले गाईंची संख्या, त्याची चौपट, भागिले दोन्हींची बेरीज.

समजा हजार गाई आहेत आणि त्या दहा वळूंकडूनच भरवल्या जातात. परिणामी संख्या येते 40 च्या आत. आता गाई दहा हजार करा, वळू तेवढेच ठेवा. तरीही उत्तर 40 च्या पुढं जात नाही! कारण पुढच्या पिढीतली निम्मी जनुकं बापांकडून येतात, आणि बाप दहाच आहेत. उलट गाई हजारच ठेवून वळू पन्नास केले, तर आकडा 190 वर जातो.

परिणामी संख्या 40 असेल, तर दर पिढीला सुमारे सव्वा टक्का आनुवंशिक वैविध्य निसटतं. दहा पिढ्यांत, म्हणजे साधारण पन्नास वर्षांत, बारा टक्के. 190 असेल, तर तेवढ्याच काळात तीन टक्क्यांपेक्षा कमी. यात जनुकाचं कोणतं रूप जाईल, हे पुष्कळदा निव्वळ योगायोग ठरवतो. उन्हाचा तडाखा सोसण्याला हातभार लावणारं रूपसुद्धा कुणाच्या नकळत नाहीसं होऊ शकतं.

खिलार खोंड ज्यांत पळतात, त्या बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यामुळं खोंड पुन्हा हौसेनं सांभाळला जातो, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती सगळ्यांनी एकाच नामांकित वळूमागं जाण्याची. वरचं सूत्र सगळे वळू सारख्याच गाई भरवतात असं धरून चालतं. एकाच वळूची वासरं जास्त झाली, की खरा आकडा आणखी घसरतो. कृत्रिम रेतनात तर एका वळूची वासरं हजारोंनी होऊ शकतात.

वळू थोडे असतील, तेव्हा नात्याबाहेरचा एकेक नवा वळू परिणामी संख्येत जवळजवळ चारची भर घालतो. म्हणून म्हसवडकडचा वळू आटपाडीकडं आणि तिकडचा इकडं अशी अदलाबदल फार मोलाची. ती तीन-चार वर्षांनी व्हायला हवी, कारण तोवर वळूच्या स्वतःच्या कालवडी माजावर येऊ लागतात. बाप-लेकीच्या संयोगातून झालेल्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक 25 टक्के असतो. हे टाळायचं, तर प्रत्येक कालवडीचा बाप कोण, याची नोंद गोठ्यात हवी.