इंग्रजी क्रियापदांचे काळ आणि आपली मराठी सवय

इंग्रजी क्रियापदांचे बारा काळ कोष्टकात मांडून ते विद्यार्थ्यांकडून घोकून घेण्याची जी वहिवाट आपल्या शाळांतून रूढ झाली आहे, तिच्यामुळे रूपे तोंडपाठ होतात खरी, परंतु त्यांचा विनियोग कोठे करावा याचा उलगडा होत नाही. वस्तुतः क्रियापदाचे रूप पालटून सिद्ध होणारे काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत. उरलेला सारा कारभार 'बी', 'हॅव' आणि 'विल' ही साहाय्यक क्रियापदे पाहतात.

मराठी माणसाची खरी गफलत होते ती पूर्ण वर्तमानकाळात. 'तो कालच आला आहे' हे आपल्याकडे निर्दोष वाक्य. पण इंग्रजीत 'हॅज कम' म्हटले की 'यस्टर्डे'ला मज्जाव, कारण संपून गेलेल्या वेळेचा स्पष्ट निर्देश होताच तेथे साध्या भूतकाळाचा, म्हणजे 'केम'चा, अंमल सुरू होतो. याउलट 'मी दहा वर्षे पुण्यात राहतो आहे' असे आपण ज्या अर्थी वर्तमानकाळात सहज म्हणतो, त्या अर्थी इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागते, आणि दहा वर्षांच्या मागे 'सिन्स' नव्हे, 'फॉर' लागते.

प्रश्नात वा नकारात 'डिड' आले, की भूतकाळ दर्शविण्याचे काम तेच करते. म्हणून पुढे 'वेन्ट' नको, 'गो' हवे. ही चूक पदवीधरांच्या अर्जांतही आढळावी, हे जरा विस्मयकारकच!

तेव्हा वाचकहो, कोष्टक तूर्त दप्तरदाखल करावे, इंग्रजी वृत्तपत्रातील एखादी बातमी घ्यावी, आणि तिच्यातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून त्याने तोच काळ का पत्करला याची झडती घ्यावी.